मनाचा भार आणि देहाचे आजार

(निपाणी येथे विडी कामगार भगिनी, शेतकरी आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. साहित्य आणि इतिहास हे माझ्या शिक्षणाचे विषय. आरोग्याची आणि शासकीय योजनांची माहिती लोकांना समजेल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, हे माझे काम. तेव्हा औषधाची मात्रा सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी घेणारही नाही. परंतु आज जो विषय मला देण्यात आला आहे, तो असा आहे की त्यात वैद्यकशास्त्राइतकीच आपली रोजची बोलीही आपल्याला वाट दाखविते.

वाईट बातमी आली की आपण म्हणतो, छातीत धस्स झाले. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो. भीतीने घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते. काळजीत अन्न गोड लागत नाही आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. या प्रत्येक प्रयोगात सांगायची असते ती मनाची अवस्था. परंतु नाव घेतले जाते ते शरीराच्या अवयवाचे. आपल्या या सीमाभागात घराघरांत कन्नडही बोलली जाते. कन्नडमध्येही दचकल्यावर 'एदे' म्हणजे छातीच 'झल्ल' होते, आणि मत्सराला 'होट्टे उरि', म्हणजे पोटातली आग, असेच म्हणतात. दोन भाषा बोलणाऱ्या लोकांनी एकच गोष्ट ओळखली आहे. ती अशी की, मनाला लागलेली गोष्ट मनापुरती राहत नाही. ती देहात उतरते.

शरीरात नेमके काय घडते?

आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जे जाणले, त्याचा शास्त्रीय उलगडा गेल्या सव्वाशे वर्षांत झाला. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन हे शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या पोटातील अन्नाची हालचाल पाहत होते. मांजर घाबरले किंवा चवताळले की जठराची हालचाल चटकन थांबते, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९१५ साली त्यांनी भीती, क्रोध, भूक आणि वेदना यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३६ साली हान्स सेली या कॅनडातील संशोधकाने उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरनिराळ्या प्रकारचे त्रास दीर्घकाळ सोसावे लागले, तर शरीराची झीज मात्र सारख्याच प्रकारे होते, असे त्यांना आढळले. या दोघांच्या कामावर आजच्या ज्ञानाची उभारणी झाली आहे.

साधे उदाहरण घेऊ. शेताच्या बांधावरून जाताना समोर नाग फणा काढून उभा राहिला. विचार करण्याआधीच मेंदूकडून इशारा सुटतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांतून अ‍ॅड्रिनलिन नावाचा द्रव रक्तात मिसळतो. हृदय जोरात धडधडू लागते, रक्तदाब चढतो, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. यकृतातील साखर रक्तात उतरते, कारण पळायला बळ हवे असते. जखम झाली तर रक्त लवकर गोठावे, अशीही तयारी होते. पचन तेवढ्यापुरते थांबते, कारण त्या क्षणी जेवणापेक्षा जीव महत्त्वाचा असतो. पाठोपाठ त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचा दुसरा द्रव येतो आणि ही तयारी काही काळ टिकवून धरतो. नाग निघून गेला की थोड्या वेळाने सारे पूर्ववत होते. ही व्यवस्था निसर्गाने आपल्या रक्षणासाठीच दिलेली आहे; तिला रोग म्हणता येणार नाही.

अडचण अशी आहे की, नाग निघून जातो, पण कर्जाचे व्याज निघून जात नाही. दारूच्या आहारी गेलेला नवरा रोज संध्याकाळी घरी येतो. मुलीच्या सासरहून येणारे निरोप थांबत नाहीत. अशा वेळी नागासाठी असलेली ही तयारी दिवसरात्र चालू राहते. चढलेला रक्तदाब उतरायला सवड मिळत नाही. रक्तातील साखर वाढती राहते आणि मधुमेह असलेल्याचा मधुमेह आटोक्यात येत नाही. मान, खांदे, पाठ यांचे स्नायू आखडून दुखू लागतात. पोट बिघडते. झोप तुटते, आणि तुटलेली झोप स्वतःच ताण वाढविते. शरीराची रोगाशी झुंजण्याची शक्तीही मंदावते.

यातील शेवटची गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही, म्हणून एक प्रयोग सांगतो. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी दोन गटांतील स्त्रियांच्या हातावर एकाच मापाची बारीकशी जखम, त्यांच्या संमतीने, केली. एका गटातील स्त्रिया स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची वर्षानुवर्षे शुश्रूषा करीत होत्या. दुसऱ्या गटातील स्त्रियांवर असा भार नव्हता. शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी सुमारे ९ दिवस अधिक लागले. जखम तीच, काळजी घेणारे डॉक्टर तेच. फरक होता तो मनावरील ओझ्याचा.

हृदयाचा हिशेब

हृदयविकाराविषयी एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख डॉ. सलीम युसूफ यांचे वैद्यकीय शिक्षण बेंगळूरुच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झालेले. भारतासह ५२ देशांतील सुमारे ३०,००० लोकांची माहिती तीत घेण्यात आली होती. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ गोष्टींनी उलगडतो, असे तीत दिसून आले. धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक व सामाजिक ताण हाही त्या नवांत बसला. घरी किंवा कामावर आपण सतत ताणाखाली होतो असे सांगणाऱ्यांत झटक्याचा धोका, तसा ताण नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळला.

जपानी डॉक्टरांनी तर १९९० च्या सुमारास हृदयाचा एक निराळाच विकार नोंदविला. तीव्र दुःखाच्या किंवा भीतीच्या आघाताने हृदयाचा डावा कप्पा एकाएकी फुगतो आणि त्याचा आकार तेथील कोळी ऑक्टोपस पकडण्यासाठी वापरतात त्या मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्याचेच नाव, ताकोत्सुबो, या विकाराला मिळाले. २००४ साली जपानच्या निगाता भागात भूकंप झाला, तेव्हा असे रुग्ण एकदम वाढले. त्यांत उतारवयाच्या स्त्रिया अधिक असतात आणि वेळीच उपचार मिळाल्यास बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. 'धसका घेतला' असे आपण म्हणतो, त्यातला धसका हृदयाच्या चित्रात प्रत्यक्ष दिसतो, तो असा.

मात्र सगळेच खापर मनावर फोडणेही बरोबर नाही. जठराचे व्रण काळजीने आणि तिखट खाण्याने होतात, असे अनेक वर्षे मानले जाई. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिले की, बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू असतो. या शोधासाठी त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्या उठसूट घेण्यानेही व्रण होतात. म्हणजे जो रुग्ण 'काळजी करू नका' एवढाच सल्ला घेऊन परत जात असे, त्याला औषधाची गरज होती. हा धडा विसरता कामा नये.

या मातीतील ताण

निपाणीच्या परिसराला ताण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तंबाखूचे पीक हातात आल्यावर दर काय मिळेल आणि मालाचे पैसे केव्हा मिळतील, या घोराने येथील शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांची झोप उडविली. १९८१ साली श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे–बेंगळूरु महामार्गावर तंबाखू उत्पादकांनी जो ठिय्या दिला आणि ज्याचा शेवट गोळीबारात आणि शेतकऱ्यांच्या बलिदानात झाला, त्याच्या मागे ही साचलेली अस्वस्थता होती. वखारींत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या आणि घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या भगिनींची चिंता आणखी वेगळी. मजुरी हजार विड्यांवर; त्यांतल्या किती विड्या कच्च्या म्हणून बाजूला काढल्या जातील, हे आधी कळत नाही. हात थांबला तर चूल थांबते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांना आलेल्या महापुराने काठावरच्या गावांतील घरे, जनावरे आणि उभी पिके नेली. पाणी ओसरले तरी पावसाचा आवाज ऐकून रात्री दचकून उठणारी माणसे त्या गावांत पुढेही भेटत.

या परिसराची आणखी एक बाब ध्यानात ठेवली पाहिजे. तंबाखूची ओली पाने सतत हाताळल्याने त्यातील निकोटिन कातडीतून शरीरात जाते आणि मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते. मिश्री लावल्याने क्षणभर बरे वाटते, परंतु तिच्यामुळेही हृदयाची धडधड आणि रक्तदाब वाढतो. काळजी विसरण्यासाठी मिश्री, आणि मिश्रीने वाढलेली धडधड पाहून पुन्हा काळजी, असे हे चक्र आहे. म्हणूनच येथील एखादी स्त्री 'जीव घाबरा होतो' म्हणते, तेव्हा कारण मनात आहे, तंबाखूत आहे, रक्तदाबात आहे की तिन्हींत आहे, हे तपासल्यावाचून कोणालाच सांगता येणार नाही.

दोन माणसांची हकीकत

माझी एक मावशी निपाणीजवळच्या खेड्यात राहते. दहाव्या वर्षापासून तिने विड्या वळल्या. काही वर्षांपूर्वी तिला छातीत धडधड, हातांना मुंग्या आणि पहाटे तीनला जाग, असा त्रास सुरू झाला. दोन वर्षांत चार दवाखाने झाले. हृदयाचा आलेख, रक्त, पोटाची दुर्बिणीने तपासणी, सारे काही व्यवस्थित निघाले. प्रत्येक ठिकाणी तिला सांगण्यात आले, "तुम्हांला काही झालेले नाही, उगीच टेन्शन घेता." ती मला म्हणाली, "काय झालं न्हाई म्हंत्यात. मग मी काय ढोंग करतीया व्हय?" हे विचारताना तिच्या डोळ्यांत जे पाणी होते, ते मी विसरलेलो नाही.

पुढे एका सरकारी आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टरने तिचा रक्तदाब तीन वेगवेगळ्या दिवशी मोजला. तो वाढलेला होता. नंतर त्याने विचारले, "मावशी, पहाटे जाग येते तेव्हा पहिल्यांदा काय आठवते?" या एका प्रश्नावर मावशी अर्धा तास रडली. मुलगी सासरहून परत पाठविलेली होती. तिच्या बाळंतपणासाठी काढलेले कर्ज फिटले नव्हते. आणि ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये म्हणून तिने ती कोणालाच सांगितली नव्हती. त्या दिवसापासून रक्तदाबाची गोळी सुरू झाली, मिश्री हळूहळू सुटली आणि दर पंधरवड्याला आरोग्य सेविकेशी बोलणे होऊ लागले. कर्ज एका रात्रीत फिटले नाही, मुलीचा प्रश्नही लगेच सुटला नाही. परंतु पाचसहा महिन्यांत धडधड पुष्कळ कमी झाली आणि झोप लागू लागली.

दुसरी हकीकत याच्या उलट आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वखारीत हिशेब लिहीत. २०१९ च्या पुरात त्यांचे घर पाण्यात गेले. त्यानंतर चढण चढताना त्यांच्या छातीवर दडपण येऊ लागले. घरचे, शेजारी, आणि ते स्वतःही म्हणत, "पुराचं टेन्शन आहे, दुसरं काही नाही." तीन महिने तपासणी झाली नाही. एका पहाटे झटका आला. ते वाचले, परंतु हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. त्यांच्या मनावर ताण होता हे खरेच; पण हृदयाच्या रक्तवाहिन्याही तुंबलेल्या होत्या.

एकीला 'टेन्शन' म्हणून परत पाठविले, आणि दुसऱ्याने 'टेन्शन' म्हणून जाणेच टाळले. मला आज जे एकच सांगायचे आहे, ते या दोन हकीकतींत आले आहे. 'टेन्शन' हे निदान नव्हे. त्या शब्दाने तपासणीला सुरुवात झाली पाहिजे. तो उच्चारून तपासणी संपविणे हा रुग्णावर अन्याय आहे.

ऐकून घेणे हाही उपचार

आपल्या शेजारच्या गोव्यातील एक पाहणी येथे उपयोगी पडेल. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. शेकडा १२ स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. आपण सहज म्हणू की रक्त कमी असेल. परंतु रक्ताच्या प्रमाणाशी या थकव्याचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो खिन्नता आणि चिंता यांच्याशी, नवऱ्याकडून होणाऱ्या जुलमाशी, आणि आधार देणारे कोणी नसण्याशी. रक्तवाढीच्या गोळ्या ज्यांना हव्यात त्यांना त्या दिल्याच पाहिजेत. परंतु जिचे दुखणे एकटेपणात आहे, तिला केवळ गोळ्यांनी कसे बरे वाटणार?

गोव्यातच 'संगाथ' या संस्थेने पुढचे पाऊल टाकले. डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींना शिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. शासकीय केंद्रांत येणाऱ्या रुग्णांपैकी बरे होणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढले, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. कर्नाटकात बेंगळूरुच्या निमहान्स संस्थेने १९८० नंतरच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत मनोरुग्णांवर उपचार करून दाखविले. देशाच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने तोच नमुना पुढे स्वीकारला. मोठे रुग्णालय दूर असले तरी मनाचे दुखणे गावातच हाताळता येते, हे या दोन्ही प्रयोगांनी सिद्ध केले आहे.

येथे उपस्थित असलेल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना माझी नम्र विनंती आहे. शरीराचे दुखणे माणूस परक्या भाषेतही बोटाने दाखवू शकतो; मनाचे दुखणे मात्र आईच्या भाषेतच सांगता येते. 'पोटात कालवतंय', 'जीव खालीवर होतोय', 'काळजाला घरं पडल्यात' हे शब्द घेऊन आलेल्या वृद्धेला पित्ताची गोळी देण्यापूर्वी, तिची भाषा समजणारी सेविका, शेजारीण किंवा आशा कार्यकर्ती जवळ बसवावी. कन्नड बोलणारा रुग्ण मराठी डॉक्टरांपुढे आला, तर त्यालाही हाच न्याय लावावा. भाषेविषयीचे प्रश्न जिथे सुटायचे तिथे सुटोत. तपासणीच्या खोलीत मात्र रुग्णाची भाषा हीच मोठी मानावी.

आपण काय करावे?

'ताण घेऊ नका' असा उपदेश मी करणार नाही. कोणी हौसेने ताण घेत नाही. परंतु काही गोष्टी आपल्या हातांत आहेत. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. गोळ्या सुरू झाल्या असतील तर बरे वाटते म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांकडे जाल तेव्हा दुखण्याबरोबर झोप, भूक आणि घरची काळजी याही गोष्टी सांगाव्यात; त्या सांगणे म्हणजे रडगाणे नव्हे, ती उपचाराला लागणारी माहिती आहे. विड्या वळणाऱ्या भगिनींनी तासाभराने उठून पाचदहा मिनिटे मान, खांदे मोकळे करावेत. रोज थोडे चालावे, संथ आणि दीर्घ श्वास घ्यावा, भजनाला, बचत गटाला, शेजारी चार माणसांत जाऊन बसावे. दारू आणि तंबाखू यांनी चिंता कमी होत नाही, ती उद्यावर ढकलली जाते आणि व्याजासह परत येते. ज्या काळजीला कर्ज किंवा थकलेले पैसे असे व्यवहारातले मूळ आहे, तिच्यासाठी व्यवहारातलाच मार्ग शोधावा. एकट्याने कुढण्यापेक्षा चौघांनी मिळून अर्ज केलेला बरा.

छातीत दडपण, दरदरून घाम, जबडा किंवा डाव्या हातात कळ, धाप, बोबडी वळणे, किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काही झाले तर 'टेन्शन असेल' म्हणून थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्वरित बोलवावी. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, किंवा जगू नये असा विचार मनात डोकावत असेल, तर ती गोष्ट त्याच दिवशी कोणाजवळ तरी बोलावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती अहोरात्र चालते आणि तिच्यावर मराठीत तसेच कन्नडमध्येही बोलता येते.

शेवटी घरातील मंडळींसाठी एक शब्द. तपासण्या व्यवस्थित आल्या, तरी आपल्या माणसाचे दुखणे खोटे ठरत नाही. त्याला 'नाटक करतोस' म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि त्या डॉक्टरने माझ्या मावशीला विचारला, तो प्रश्न विचारा. पहाटे जाग येते तेव्हा पहिल्यांदा काय आठवते, हे विचारायला पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. उत्तर मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्या, आणि मग त्या माणसाबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जा.